बहात्तर टाक्यांचं पत्र

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी चौकीचा ताबा घेतला. उंची साडेतेरा हजार फूट. माझ्यासह अकरा माणसं, एक लाइट मशीनगन, एक रेडिओ सेट, दोन बंकर आणि एक स्टोअर. समोरच्या डोंगरावर शत्रूची चौकी. त्यांच्या चुलीचा धूर आम्हाला दुर्बिणीतून दिसायचा. आमचा त्यांना दिसत असणार.

मी हवालदार होतो. नोकरीला चौदा वर्षं झाली होती. गाव पेणजवळ, घरी भाताची शेती आणि भात निघालं की त्याच रानात वाल. पलटणीत मला सगळे पाटील हवालदार म्हणत.

वर निघण्याआधी कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. महिन्यापूर्वी खालच्या खोऱ्यात एका माणसाजवळ आमच्या चौक्यांचा हातानं काढलेला नकाशा सापडला होता. तो त्याला कोणी दिला हे कळलं नव्हतं.

"डोळे उघडे ठेवा, पाटील," साहेब म्हणाले. "गावकऱ्यांवर ठेवा. आपल्या माणसांवरही ठेवा."

मी "यस सर" म्हटलं आणि तो हुकूम मनापासून पाळला.

चौकीचा दिवस ठरलेला. साडेपाचला स्टँड-टू, सगळे शस्त्रं घेऊन आपापल्या जागी. सातला चहा. मग बर्फ वितळवून पाणी, शस्त्रांची सफाई, पहाऱ्याची पाळी. थंडी वाढली तशी पाळी दोन तासांवरून एक तासावर आणली. मंगळवारी आणि शुक्रवारी चार जणांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, खाली तळावर जाऊन रॉकेल, रेशन आणि टपाल घेऊन यायचं. खाली जायला वाटा दोन. नाल्यातून गेलं तर चार तास. धारेवरून, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, गेलं तर सहा, पण धारेवरचा माणूस समोरच्या चौकीला उघडा दिसतो, म्हणून कायमचा हुकूम, स्टँडिंग ऑर्डर, नाल्याची होती. दोन्ही वाटा तळाच्या अर्धा तास वर एकत्र यायच्या. तिथं दगडांची एक झोपडी होती. एक म्हातारी आपल्या मेंढ्या घेऊन राहायची. थंडीनं तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

शिपाई बाळाराम घरत रोह्याचा. वय तेवीस. माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून सुरुवातीला मला बरं वाटलं. पण तो बोलायचा नाही. गाणं नाही, पत्ते नाहीत, कुणाची चेष्टा नाही. रेशनच्या पेट्रोलला मात्र प्रत्येक वेळी स्वतःहून पुढं. एवढा बोजा घेऊन चढायला आनंदानं कोण जातं? मी नाईक राऊतला विचारलं. राऊत साताऱ्याचा, पेट्रोल कमांडर, सरळ माणूस.

"झोपडीपाशी आम्ही वीस-पंचवीस मिनिटं दम खातो," तो म्हणाला. "घरत आत जातो. म्हातारीशी बोलतो."

"काय बोलतो?"

"आम्ही बाहेर असतो, हवालदार. तो आपली साखर तिला देतो एवढं बघितलंय."

पुढच्या शुक्रवारी मी पेट्रोलबरोबर स्वतः गेलो. झोपडीपाशी थांबलो. घरत आत गेला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. दोघं चुलीजवळ बसले होते, दाराकडे पाठ करून. म्हातारी हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुतेक वरच्या उताराबद्दल, कारण तिचा हात सारखा तिकडं जात होता. घरत मान डोलवत होता. माझं पाऊल वाजलं तसं त्यानं मांडीवरचं काहीतरी चटकन तिच्या फडक्यात सरकवलं.

मी मनात लिहून ठेवलं.

नोव्हेंबरअखेर टपाल आलं. घरतला एक अंतर्देशीय पत्र होतं. ते वाटेत भिजलं होतं म्हणून त्यानं बुखारीजवळ, म्हणजे बंकरातल्या शेगडीजवळ, वाळत ठेवलं आणि तो पाळीवर गेला. दुसऱ्याची पत्रं वाचायचा मला अधिकार नव्हता. मी वाचलं. वर चार ओळी खुशालीच्या. खाली असं:

"७२ घे. सु २ उ २, १२ ओळी. मग सगळे सु, ३० ओळी. पुढचे २४ आणि मागचे २० सोड. कानाजवळ दोन्ही बाजूंना १४ ठेव. १४ वर कमी पडू देऊ नको."

मी ते तीनदा वाचलं. पुढचे चोवीस, मागचे वीस. दोन्ही बाजूंना चौदा. मला त्यात माणसं दिसली, चौक्या दिसल्या. 'सु' म्हणजे सुभेदार असेल, 'उ' म्हणजे उत्तर. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं आणि पत्र होतं तसं ठेवलं.

पाळी संपवून घरत आला. मी त्याला स्टोअरमध्ये घेतलं.

"पत्रात आकडे कसले रं?"

पत्र वाचलं गेलंय हे त्याला कळलं.

"आईचं पत्र हाय, हवालदार. विणकामाचं. टोपीचे टाके हायत. सुलट नि उलट."

"रोह्यात लोकरीची टोपी कोन घालतो?"

"तान्ही पोरं. आई बालवाडीत बाई होती. आता सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पोरांना टोपडी नि मोजे करून देते. पावसात डोंगरावरच्या कातकरणी बाळंतपणाला येतात, त्यांच्याकडं पोराला गुंडाळायला काय नसतं."

"नि तुला कशाला लिहिते?"

"मी पन विणतो."

चौदा वर्षांत मी हातात लोकर-सुया घेतलेला शिपाई पाहिला नव्हता.

"दाखव. सुया दाखव, लोकर दाखव."

"हितं नाय. म्हातारीकडं हाय सगळं. लोकर तीच कातते. तिला बोटं नायत, ती विणू शकत नाय. खालच्या वस्तीतल्या पोरांसाठी मी तिला करून देतो."

"हितं का नाय करत?"

"ट्रेनिंग सेंटरला केलं हुतं एकदा. मग सहा महिने मला बायको म्हनायचे."

आज हे सगळं सरळ दिसतं. त्या दिवशी मला त्यात एकही धागा असा दिसला नाही, जो मी हातात धरून पाहू शकेन. चौकीवर दाखवायला काहीच नाही, सगळं त्या म्हातारीकडं, आणि म्हातारी त्या नकाशाच्या खोऱ्यातली. मला वाटलं, खोटं बोलायचंच ठरवलं तर माणूस असंच बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेजरसाहेबांना रेडिओवर कळवलं. साहेब म्हणाले, पुढच्या पेट्रोलबरोबर त्याला खाली पाठवा, मी स्वतः विचारतो. मी घरतला कारण सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. त्याच्याकडं रेडिओची ड्यूटी होती, ती मी काढून घेतली.

मंगळवार. दोन दिवस गरम वारा सुटला होता, आकाश स्वच्छ होतं. पेट्रोल सव्वाआठला निघालं. राऊत पुढं, सेट त्याच्याकडं. मध्ये दोघं. घरत शेवटी.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सेट वाजला. चार्ली म्हणजे आमची चौकी, चार्ली वन म्हणजे राऊतचं पेट्रोल.

"चार्ली, चार्ली वन. नाल्याच्या तोंडाशी आहे. ओव्हर."

"चार्ली वन, बोल. ओव्हर."

"उतारावरचा बर्फ पोकळ वाजतोय. वर एक भेग दिसते. धारेनं जायची परवानगी मागतो. ओव्हर."

राऊत दोन महिने त्या वाटेनं जात होता. त्यानं असं कधी मागितलं नव्हतं.

"पोकळ वाजतोय असं कोण म्हणतो? ओव्हर."

"घरत म्हणतो. म्हातारीनं त्याला सांगितलंय, गरम वाऱ्यानंतर असा आवाज आला तर नाल्यात उतरू नये. ओव्हर."

मी सेट हातात धरून समोरच्या डोंगराकडं पाहिलं. धूर निघत होता. संशयावरून खाली पाठवलेला माणूस नेमका आज धारेवर जायचं म्हणतो, समोरच्यांना दिसेल असा. माझ्या डोक्यात एवढंच आलं. बर्फाचा विचार मी केलाच नाही.

"चार्ली वन, परवानगी नाही. नाल्यानंच. अंतर ठेवून चला. आउट."

नऊ अठ्ठावन्नला आवाज आला. तोफेसारखा नव्हता. एखादा जड दरवाजा दूरवर कोणीतरी ओढून लावावा, तसा. मग नाल्यातून पांढरी धूळ वर आली आणि बराच वेळ खाली बसली नाही.

मी पाच जण घेऊन उतरलो. राऊत कमरेपर्यंत गाडला गेला होता, जिवंत होता. मधले दोघं कडेला फेकले गेले होते. एकाचा पाय मोडला होता. घरत नव्हता. आम्ही फावड्यांनी, ताटांनी, हातांनी उकरलं. तळावरून सुभेदारसाहेब वीस माणसं घेऊन आले. अंधारात थांबायचं, उजाडलं की पुन्हा सुरू करायचं, असं चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तो सापडला. चेहरा शांत होता. राऊतनं त्याचे डोळे पुसले.

मेजरसाहेबांच्या हुकमावरून त्याच दिवशी झोपडीची झडती झाली. सुभेदारसाहेबांबरोबर मी होतो. म्हातारी आधीच सगळं समजून बसली होती. तिनं स्वतःच फडकं सोडलं. आत सात लहान टोप्या होत्या, कानांवर येणाऱ्या, राखाडी आणि काळ्या. एक बांबूच्या सुयांवर अर्धी. दोन जोड हातमोजे.

"मां ने लिखा, उसने बनाया," ती म्हणाली. पुढचं ती तिच्या भाषेत बोलली. ते आम्हाला कळलं नाही.

मी सुईवरचे टाके मोजले. बहात्तर होते. सुभेदारसाहेबांनी माझ्या हातातून टोपी घेतली, म्हातारीला परत दिली आणि म्हणाले, "चला, पाटील."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. पेट्रोलनं वाट बदलायची परवानगी मागितली होती का, असं विचारलं. राऊत खाली बघत राहिला.

"मागितली होती, सर," मी म्हणालो. "मी नाकारली."

"कारण?"

"स्टँडिंग ऑर्डर नाल्याची होती, सर. आणि मागणाऱ्यावर माझा विश्वास नव्हता."

पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं, दुसरं नाही. निष्कर्षात माझा हुकूम नियमाला धरून होता असं आलं. मला कोणीही बोल लावला नाही. तो नकाशा एका हमालानं काढला होता, असं त्या उन्हाळ्यात उघड झालं. घरतचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

रजा मिळाली तेव्हा मी पेणला घरी एक रात्र काढली आणि सकाळी वडखळ, नागोठणं करत एसटीनं रोह्याला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. आईनं दार पूर्ण उघडलं नाही.

"कोन तुमी?"

"हवालदार पाटील. बाळारामच्या चौकीवर होतो."

"त्याचं सामान आलं त्यात माझी पत्रं हुती. येकावर लाल पेन्सिलीच्या खुणा हायत. कुनी केल्या?"

मेजरसाहेबांनी चौकशीसाठी ते पत्र तपासलं होतं. खुणा त्यांच्या होत्या. पण पत्र त्यांच्यापर्यंत माझ्यामुळं गेलं होतं.

"मी," मी म्हणालो.

तिनं दार उघडलं. मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. वहीत उतरवलेलं, स्टोअरमधलं, सेटवरचं. कमी केलं नाही, वाढवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या पोरानं तुमाला खरं सांगितलं हुतं."

"होय."

"आता जा."

मी गेलो. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. तेव्हाही दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमाला माफ केलं असं मी म्हननार नाय, पाटील. ती आशा ठेवू नका. पन येत जा. त्याच्यासंगं शेवटी कोन हुतं, ते तुमीच. त्याचं बोलायला माझ्याकडं दुसरं कोन नाय."

पेन्शनवर आल्यावर मी डोलवीच्या बाजूला एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीला लागलो. शिफ्ट सुटली की माणसांच्या पिशव्या तपासायच्या. ते काम मला जमलं नाही. समोरचा माणूस पिशवी उघडायचा आणि मी आत बघायच्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडं बघायचो. वर्षभरात सोडलं.

महिन्यातून एक रविवार रोह्याला जायचो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ओळी चुकायला लागल्या, तेव्हा तिनं सुया माझ्याकडं सरकवल्या. "मी सांगते, तुमी घाला टाके." माझ्या हाताला ते यायला दोन पावसाळे लागले. ती बोटांनी चाचपून बघायची आणि चूक असेल तिथून उसवायला लावायची. कधी चांगलं म्हणाली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई टोप्या घेऊन जायच्या. मी पेणहून आणतो हे त्यांना माहीत होतं, का आणतो हे त्यांनी विचारलं नाही.

बाळारामची आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. रोह्याच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला बाळारामचं नाव घेतात आणि मला बोलायला बोलावतात. फळ्यावर लिहिलेलं असतं, हिमस्खलनात वीरमरण. मुलांना लढाईची गोष्ट हवी असते. मास्तरांनाही तीच हवी असते. मी लढाई सांगत नाही. शिपाई बाळाराम घरत धोका ओळखून बोलला होता, एवढं सांगतो. चार जणांच्या पेट्रोलमध्ये तो धोका ओळखणारा एकटाच होता, आणि वाट बदला असं त्यानं वेळेवर सांगितलं होतं. मुलं टाळ्या वाजवायला हात उचलतात. तेव्हा मी त्यांना थांबवतो आणि पुढचं सांगतो, की मी सेटवर विचारलं, कोण म्हणतो, आणि त्याचं नाव ऐकून नाही म्हणालो.