बापानं अंथरलेला दुपट्टा

गुरुजींनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. मेलेला उंदीर धरावा तशी.

"ढोरानं चघळून टाकला का बे हा सदरा?"

वर्ग हसला. पंधरा ऑगस्टची सकाळ होती. भाषण मला करायचं होतं, तोंडपाठ होतं. गुरुजींनी मला मागच्या रांगेत उभं केलं आणि भाषण इस्तरीच्या शर्टातल्या दुसऱ्या पोराला दिलं. तो मध्येच अडकला. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ओठ मिटून घेतले.

सदरा मायनं धुतलेला होता. पांढराशुभ्र. फक्त चुरगळलेला. घरात इस्तरी नव्हती. वस्तीत कुणाच्याच घरात नव्हती. गुरुजींना हे ठाऊक होतं. पण मला वाटलं, चूक सदऱ्याची.

घरी आलो. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरले, गळ्याला फडकं धरून तो सदऱ्यावर फिरवला. त्यानंतर चुरगळलेला कपडा अंगाला लावला नाही.

पुढे सिंदीतल्या एका कचेरीत नोकरी लागली. तिथंच खोली केली. गाव सायकलच्या अंतरावर. तरी जाणं कमी झालं. घरी भुईवर बसावं लागायचं, पँटची घडी मोडायची. लाज वाटते लिहायला, पण कारण एवढंच होतं.

एकदा चहा पिताना हेडक्लार्क म्हणाले, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो."

मी हसलो. वर थँक्यू म्हणालो. गुरुजींनी केलेला अपमान मला लहानपणी कळला होता. हा मोठेपणी कळला नाही. कित्येक दिवस ते वाक्य मनात घोळवत होतो, शाबासकीसारखं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेडक्लार्क नागपूरला घरी निघाले. मी स्टेशनावर सोडायला गेलो. त्यांची सुटकेस माझ्या हातात. फलाटावर दीक्षाभूमीला निघालेली आमची माणसं बसली होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. बैलबंडीतून, एसटीतून दाटीवाटीनं आलेली. सगळ्यांचे कपडे चुरगळलेले.

"निदान आज तरी धड कपडे घालावेत यांनी," हेडक्लार्क म्हणाले. "तुमच्याकडे बघून शिकायला पाहिजे."

त्या माणसांत माझा बाप होता. त्यानं मला पाहिलं. साहेबासोबत पाहिलं. आणि हाक न मारता मान दुसरीकडे फिरवली. माझी अडचण नको म्हणून. बापाला हे मीच शिकवलं होतं, एक शब्द न बोलता.

मी सुटकेस खाली ठेवली.

"तो माझा बाप आहे."

"कोण?"

"तो. चुरगळलेल्या सदऱ्यातला. मी त्यांच्यातलाच आहे. ते वाक्य पुन्हा मला म्हणू नका."

हेडक्लार्कांनी स्वतःची सुटकेस स्वतः उचलली.

मी बापाजवळ गेलो. तो गडबडून उठला. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, फलाटावर अंथरला.

"याच्यावर बस, बाबू. तुहे कपडे खराब होतीन."

शेजारची म्हातारी म्हणाली, "साहेबाले गादी आन एखांदी. दुपट्ट्यानं काय होते?"

माणसं हसली. वर्ग हसला होता तशीच. पण या वेळी हसण्यासारखं वागणं माझंच होतं.

दुपट्ट्याची घडी केली, बापाच्या हातात दिली, फरशीवर बसलो. त्यानं दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. गाडी आली.

"जातो," बाप म्हणाला.

तू पण चाल, असं म्हणाला नाही. इतक्या वर्षांत मी त्याची ती सवय मोडली होती.

गाडी गेली. रिकाम्या फलाटावर मी बराच वेळ बसून होतो.

सुट्टी संपल्यावर तोच शर्ट, तीच पँट घालून कचेरीत गेलो. फलाटाच्या धुळीसकट. त्या दिवशी चहाला कोणी बोलावलं नाही. त्यानंतर बरीच वर्षं एकट्यानं चहा प्यायलो.

आता केस पिकलेत. घरात इस्तरी आहे, वापरतोही. पण माझ्या बुडाखाली कोणी काही अंथरायचं नाही. अंथरलं तर मी ते उचलीन, आणि खालीच बसेन.