काळ्या कुरड्या

भद्रावतीजवळच्या आमच्या घरात दोन पक्ष होते आणि दोन्ही एकाच चुलीवरचं जेवत. काका खाणीच्या बाजूचे. "देशाले वीज पाहिजे, पोट्ट्याईले काम पाहिजे. कोळसा काय परदेशातून आणाचा?" काकूचं उत्तर ठरलेलं. "वीज तिकडं, धूळ इकडं. आन् काम कोणाले? बाहेरच्याईले!" मी आयटीआय करून दोन वर्षं रिकामा बसलेला पुतण्या. मला कोणी मत विचारत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी खाण गावाकडे वाढवायचं ठरलं आणि शाळेच्या मैदानात जिल्ह्याच्या साहेबांसमोर जनसुनावणी लागली. काकूनं भाषण तयार केलं नाही, कुरड्या केल्या. छपरावर वाळत घातल्या की कोळशाच्या ट्रकांची धूळ बसून त्या दोन दिवसांत राखेच्या रंगाच्या व्हायच्या. एरवी ती वर फडकं टाकायची. त्या वर्षी मुद्दाम टाकलं नाही. डबा भरून म्हणाली, "साहेबाले हेच दाखवाचं."

खाणीच्या बाजूचा पुढारी मला आधीच म्हणाला होता, "खाण वाढली की तू आत. फक्त घरच्या बाईले सांभाळ." मी सांभाळलं. सुनावणीच्या सकाळी काकू नाहणीत असताना डब्यातल्या कुरड्या काढल्या आणि तिच्या चिमूरच्या बहिणीनं पाठवलेल्या पांढऱ्याशुभ्र भरल्या.

काकूनं साहेबांच्या टेबलावर डबा उघडला. "पाहा साहेब, आमच्या ताटात काय येऊन राह्यलं!"

साहेबांनी पाहिलं. मग सगळ्या मंडपानं पाहिलं.

"बाप्पा!" पुढारी ओरडला. "खाणीच्या धुळीनं अशा गोऱ्या होत असतीन, तर मी रोज तोंडाले लावतो!"

मंडप हसला. काकाही हसले. सगळ्यात जोरात मी.

काकूनं एक कुरडई उजेडात धरली. "ह्या माह्या नाई. माह्या सोऱ्याची शेव बारीक येते." तोवर साहेबांनी पुढचं नाव पुकारायला सांगितलं होतं. डबा तिथंच टाकून ती खाली उतरली.

खाण वाढली, मला काम मिळालं. काम कोणतं, तर ट्रकांच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायचं! आमच्या दारासमोर मी नळ जरा जास्तच सोडायचो. "अरे, घरात पाणी घुसून राह्यलं!" काकू ओट्यावरून ओरडायची. माझं प्रायश्चित्त एवढंच. पुढं तिनं खोकल्याची तक्रार जरी केली, तरी कोणीतरी म्हणायचंच, "कुरड्याईसारखा का?" हळूहळू तिनं चारचौघांत तोंड उघडणंच सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या खाटेजवळ बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, मले तवाच समजलं होतं. तिला समजलं नव्हतं. इतकी वर्षं तिचा संशय काकांवर होता. त्यांच्या ताटात तिनं ते जाईपर्यंत कुरडई वाढली नाही, आणि का, ते त्या माणसाला कधी कळलं नाही.

तिनं उशीवरची मान माझ्याकडे वळवली.

"मंग माह्या कुरड्या कुठी गेल्या?"

"तळून खाल्ल्या. दोस्ताईसोबत."

"कशा लागल्या?"

"दाताखाली कचकच वाजत होत्या, काकू."

"तेच सांगाचं होतं न साहेबाले," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.