भाभींचा तंदूर

माझ्या लहानपणी आमची चूल एकवेळच पेटे. आई जालन्याच्या कापसाच्या जिनिंगात राबायची, आणि जात अशी, की गल्लीत कुणाच्या ओट्यावर चढायची सोय नव्हती.

फाळणीत उजाडून आलेली एक पंजाबी बाई समोर राहायची. सगळे तिला भाभी म्हणत. घरातले पुरुष जेवल्यावर उरलेलं खायची, पण बोलणं खणखणीत. तिनं अंगणात तंदूर मांडला होता. सरपण वाचतं म्हणून बाया तिथं कणीक आणत, आणि रोट्या लावता लावता ती पंजाबी कादंबऱ्या सांगे.

एकदा गोष्टीतल्या अस्पृश्य पोरीला विहिरीवर कुणी पाणी वाढलं नाही. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. मी धीर करून कणकेची परात घेऊन फाटकाबाहेर उभी होते.

"कहानी में रोती हो, और ये बाहर खडी है?" म्हणत भाभीनं माझी परात आत घेतली.

सासू ओरडली, "बहू, तंदूर भ्रष्ट होगा!"

"आग भी कभी भ्रष्ट होती है, मांजी?"

"मंग आम्ही बाटावं का?" म्हणत दोघीतिघी उठून गेल्या. नवऱ्यानं भाभीला त्या दिवशी उपाशी ठेवलं, हे गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं तंदूर पेटवून मला हाक मारली.

सरपणापायी उठून गेलेल्याही हळूहळू परतल्या, आणि मी कॉलेजात जाईपर्यंत आमच्या रोट्या सगळ्यांसोबत तिथंच भाजल्या.