कोई डाउट?

मास्तरांचे किस्से मुलं सांगतात, हे सगळीकडेच चालतं. पण मास्तर स्वतःच्याच शिकवण्याचा अभ्यास करायला बसले की जे किस्से जमतात, ते बाहेर कुणाला कळतच नाहीत! ग्वाल्हेरच्या आमच्या विद्यापीठात माझं काम हेच. प्राध्यापकांना म्हणायचं, "जगावर संशोधन झालं, आता जरा आपल्या वर्गावर करू या." तीन वर्षांत माझ्या दोन डायऱ्या भरल्या. संशोधन त्यातल्या एकीतच आहे.

*

पहिल्या बैठकीत मी सगळ्यांना आपल्या वर्गाबद्दल एकेक प्रश्न लिहायला सांगितला. कागद गोळा केले. 'मुलं अभ्यास का करत नाहीत?' 'मुलं मोबाइल का बघतात?' 'मुलं वर्गात येतच का नाहीत?' आरोपी सगळे समोरचे!

मी म्हटलं, "प्रश्नात एकदा तरी 'मी' यायला हवा."

कॉमर्सचे तिवारी सर विचारात पडले. मग कागद ओढून घेऊन त्यांनी दुरुस्ती केली: 'मेरे इतना अच्छा पढ़ाने पर भी बच्चे क्यों नहीं पढ़ते?'

*

केमिस्ट्रीचे भागवत सर मात्र कागद न देताच बसून होते. नया बाजारात आमच्या समोरच्याच घरात राहतात, म्हणून घरी मी त्यांना काका म्हणते आणि विद्यापीठात सर. दरारा असा की त्यांच्या तासाला मुलं शिंकसुद्धा आवरतात. निवृत्तीला एकच सेमिस्टर उरलं होतं.

सगळे गेल्यावर त्यांनी घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. 'तीस वर्षांत माझ्या वर्गात कुणी एक डाउट विचारला नाही. सगळ्यांना समजतं, की सगळे घाबरतात?'

"सुषमा, हे मला जायच्या आधी माहीत करायचं आहे," ते म्हणाले. "नाहीतर रिटायर होऊन घरी हेच सोचत बसेन."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

*

अभ्यासात भाग घ्यायचा की नाही हे मुलांनी ठरवायचं आणि तशी लेखी संमती द्यायची, असा नियम आहे. तिवारी सर ऐटीत फॉर्मचा गठ्ठा घेऊन आले. "मैडम, सौ प्रतिशत सहमति!"

मी मोजले. त्रेपन्न.

"सर, आज वर्गात किती जण होते?"

"इकतीस."

बाकीच्यांची संमतीही हजेरीसारखी प्रॉक्सीनेच लागली होती! तिवारी सरांनी गठ्ठा परत घेतला आणि कौतुकाने म्हणाले, "एकता देखिए बच्चों की."

*

इतिहासाच्या जाधव मॅडमकडे दोन तुकड्या. ठरलं असं की 'अ' तुकडीला नकाशे, जुनी पत्रं दाखवून शिकवायचं आणि 'ब'ला नेहमीसारखं. मग फरक बघायचा. महिन्याने चाचणी घेतली तर दोन्हीकडे निकाल सारखाच!

"मॅडम, 'ब'मध्ये नकाशे नेले नव्हते ना?"

"नेले तर."

"का?"

"का म्हणजे? एकाला वाढायचं आणि दुसऱ्याने बघत बसायचं? पंक्तिप्रपंच आमच्या घरी नाही चालत!"

त्यांनी शंकरपाळ्यांचा डबा उघडला आणि बैठक संपली.

*

भागवत सरांना मी सोपा उपाय सांगितला. तास संपला की मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, आज काय समजलं नाही. टेबलावर एक डबा ठेवला. पहिल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: 'सब समझ में आ गया सर.'

दुसऱ्या दिवशी सर त्या चिठ्ठ्या घेऊन आले. प्रत्येकीवर लाल शाईत मार्क! दहापैकी दोन. दहापैकी तीन.

"काका, हे काय?" विद्यापीठात आहोत हेच मी विसरले.

"अगं, 'सब' म्हणजे काय? केमिस्ट्रीत नेमकं लिहायला नको?"

लाल पेन वापरू नका म्हटलं, तर त्यांच्या खिशात दुसरा पेनच नव्हता. त्यांनी कधी ठेवलाच नाही म्हणे.

*

मग मी घड्याळ घेऊन त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सरांनी फळ्यावर एक सूत्र सिद्ध करायला घेतलं. तिसऱ्या ओळीपाशी म्हणाले, "यह तो स्पष्ट है." चौथी ओळ लिहिली आणि "कोई डाउट?" म्हणता म्हणता डस्टर फिरवलं.

"सर, विचारल्यावर तुम्ही दोन सेकंद थांबता," मी नंतर सांगितलं.

"घड्याळ खराब आहे तुझं."

पुढच्या तासाला त्यांचंच घड्याळ घेतलं. एक सेकंद!

तेव्हापासून डस्टर माझ्या ताब्यात. सरांनी विचारायचं आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. पहिल्याच दिवशी पंधरापर्यंत पोचले असतील, तर वर्ग पार टरकला. पुढच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. "सर, आपकी तबीयत तो ठीक है?"

सर वर्गात हसले. मुलांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग तीही हसली.

*

त्यांचा शेवटचा तास उजळणीचा होता. फळ्यावर तेच सूत्र. तिसऱ्या ओळीपाशी 'यह तो' एवढंच तोंडातून आलं, बाकीचं त्यांनी गिळलं. चौथी ओळ लिहून वळले. "कोई डाउट?"

वीस झाले. सर तरी थांबून राहिले. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

खिडकीजवळची एक मुलगी उठली. "सर, तीसरी लाइन से चौथी कैसे आई?"

तीस वर्षांतला पहिला डाउट! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सर फळ्याकडे वळले. खडू उचलला, परत ठेवला. तिसरी ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बैठो बेटा. अच्छा सवाल है. बहुत अच्छा."

तेवढ्यात घंटा झाली. मुलं डब्यात चिठ्ठ्या टाकून, सरांच्या पाया पडून गेली. सर फळ्यावरच्या चारही ओळी वहीत उतरवत बसले आणि मी चिठ्ठ्या मोजल्या.

वर्गात बावीस मुलं होती. चिठ्ठ्या तेवीस! म्हटलं, घ्या, इथेही प्रॉक्सी. एकेक उलगडत गेले.

तेविसावी लाल शाईत होती. 'तीसरी लाइन. मुझे भी.'

तिच्यावर मार्क दिलेले नव्हते.