ऑर्विलची नवी सॅक

विस्कॉन्सिनच्या ऑर्विल ट्वाइटला एकोणीस वर्षांत एकही हरीण मारता आलं नव्हतं. नाचता येईना, म्हणून यंदा त्याने दुकानातून अंगणच नवं आणलं: शिकारीची एक भलीमोठी सॅक. या सॅकला बंदूक अडकवता येई, झाडावरचं मचाण बांधता येई, आणि मारलेलं हरीणही तिच्यात मावलं असतं. पट्टे पारखायला त्याने तिच्यात गाईंना चाटायला ठेवायचा पंचवीस किलोचा मिठाचा ठोकळा घातला आणि गोठ्याभोवती तीन ऐटबाज फेऱ्या मारल्या.

हंगामाच्या पहिल्या पहाटे सॅक भलतीच जड लागली. शिकाऱ्याचं सामान जडच असायचं, म्हणत तो धापा टाकत रानात पोचला. मचाणावर चढून त्याने जीव खाऊन ती दोरीने वर ओढली. उघडतो तर आत मीठ! काडतुसं घरी टेबलावरच राहिली होती.

"गाढवा!" तो स्वतःवरच खेकसला आणि त्याने ठोकळा खाली ढकलून दिला.

तासाभरात तीन हरणं आली आणि निवांत मीठ चाटत बसली. ऑर्विल वरून नुसता बघत राहिला.

घरी बायकोने, डोलोरेसने, काडतुसं त्याच्यापुढे सरकवत विचारलं, "मग? सॅक कशी आहे?"

"झकास," तो म्हणाला. "हमाल तेवढा बदलायला हवा."