रिटायर पोस्टमास्तरच्या घरची पाकिटं

आमच्या धंतोलीच्या घरात पत्रांपेक्षा पत्रांचे किस्सेच जास्त साठतात. बाबा रिटायर पोस्टमास्तर, मी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. टपालाचा कायदा त्यांनी जन्मभर पाळलेला, मी नुसता पाठ केलेला.

नोकरीत असताना बाबांनी कुणाचं पाकीट उजेडातसुद्धा धरलं नाही. रिटायर झाले आणि माझी पत्रं फोडायला लागले. मी कडाडले, "बंद पाकिटाला कायद्याचं संरक्षण आहे! दुसऱ्याचं पत्र फोडणं गुन्हा आहे."

"पोस्टमनच्या हातात आहे तोवर," बाबा म्हणाले. "उंबरठ्याच्या आत कायदा माहा."

दुसऱ्या दिवशी हाच मुद्दा कॉलेजात सरांना विचारला. सरांनी बराच वेळ पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "वडिलांशी वाद घालू नका."

मग कोराडीच्या माझ्या मैत्रिणीला, कुंदाला सांगितलं, मला पोस्टकार्डच पाठवत जा. कार्ड उघडंच असतं, म्हणजे फोडल्याचा अपमान तरी नाही. केवढी माझी कायदेशीर अक्कल! कुंदानं लिहिलं, "वकिली होईपर्यंत लग्न नाही, हे बाबांना सांगितलंस का? की कॉलेजात भाषणं आणि घरी थरथर?"

कार्ड देताना पोस्टमन म्हणाला, "ताई, काहून भेता? सांगून टाका." शेजारच्या काकूंनीही वाचलं. बाबांनी वाचलं आणि फळीवर ठेवलं. मी सांगितलं नाहीच.

तेव्हा अमरावतीच्या स्थळाचं चाललं होतं. त्यांना शिकलेली सून हवी होती, शिकत असलेली नको. त्यांचा होकार आला की माझं कॉलेज बंद.

एका दुपारी बाबांच्या नावानं अमरावतीचं जाड पाकीट आलं. बाबा बाहेर, आई झोपलेली. मी स्टोव्हवर पाणी ठेवलं. त्याला उकळी येईपर्यंत ते गुन्ह्याचं कलम मनात दोनदा म्हणून झालं.

वाफेवर पाकीट सुटलं. आत होतं, "वकिली पूर्ण झाल्याशिवाय मुलीचं लग्न करणार नाही, असं आपण स्पष्ट कळवलंत. तेव्हा हा विषय इथेच थांबवू. पत्रिका परत पाठवत आहोत."

घरात डिंक सापडेना. सकाळच्या भाताची शितं लावून पाकीट चिकटवलं, उन्हात वाळवलं आणि बाबांच्या खुर्चीवर ठेवलं.

संध्याकाळी बाबा आले. पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. फोडलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"काय म्हणतात?" आईनं विचारलं.

"नाही म्हणतात."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिंक माह्या टेबलाच्या खणात ऱ्हायते वं. भातानं मुंग्या लागतात."