कमांडकाकांचं ब्लूटूथ

कमांडकाकांनी जन्मात कधी माउसला हात लावला नाही. "टिचक्या मारणं म्हणजे विनवण्या करणं. आपण हुकूम द्यायचा," असं म्हणून ते संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करायचे आणि एंटर असा मारायचे की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावा. इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या मजल्यावर तीन दारं होती: काकांचं, शहाभाईंचं आणि आमचं. "यांचा हुकूम त्या एका डब्यावरच चालतो," असं काकू म्हणायच्या.

फोनला ब्लूटूथ नवं नवं आलं तेव्हा काकांनीही संगणकाला लावायला अंगठ्याएवढं ब्लूटूथ आणलं. आसपासच्या फोनवर शोधलं की त्याचं नाव दिसे, पण ते कंपनीने ठेवलेलं, नुसतं आकडे आणि अक्षरं. "माझ्या घरात नाव ठेवणारी कंपनी कोण?" काका तापले. एक ओळ टाइप केली, एंटर मारला आणि मला हाक घातली, "सुमे, फोनवर शोध गं. काय दिसतंय?"

"काका, तुम्हीच दिसताय! 'कमांडकाका'!"

काकूंनी घुगऱ्या तेवढ्या वाटल्या नाहीत, बाकी बारसं पूर्ण झालं.

मग त्यांना नादच लागला. पाण्याची टाकी काकांच्या खिडकीतून दिसायची. पाणी आलं की ते ब्लूटूथचं नाव बदलून 'पाणी आलं' ठेवायचे. वरखालच्या मजल्यांवरच्या बायका सकाळी उठून आधी फोनवर शोधायच्या, मग बादल्या काढायच्या. एकदा काका लग्नाला उत्तनला गेले, तर अख्खी विंग बिनपाण्याची राहिली आणि दोष काकांना मिळाला.

शहाभाई त्यांचे जिवलग. रोज संध्याकाळी पॅसेजमध्ये दोन खुर्च्या पडायच्या, काकूंचा चहा आणि शहाभाईंकडचे थेपले. पण शहाभाईंच्या दारात चपलांचा बाजार भरलेला असायचा. एके दिवशी काका त्यात अडखळून पडले. तोंडाने बोलायचं सोडून ते तरातरा आत गेले आणि ब्लूटूथचं नाव ठेवलं, 'शहा चपला आत ठेवा'. नुसत्या कमांडने दिलेलं नाव संगणक बंद झाला की पुसलं जाई. चपलांचा प्रश्न कायमचा, म्हणून काकांनी ते नाव खास फाइलीत पक्कं लिहून ठेवलं.

सगळ्या विंगने ते वाचलं. शहाभाईंना फार लागलं. चपला आत गेल्या, खुर्चीही आत गेली, आणि त्यांनी फोनचं ब्लूटूथच बंद करून टाकलं.

काकांचा चहा कपातच गार व्हायला लागला. "जाऊन एकदा सॉरी म्हणा ना," मी म्हटलं. "तोंडाने बोललं की वाद वाढतो," काका म्हणाले आणि त्यांनी कमांड दिली. नवं नाव झळकलं, 'सॉरी शहाभाई'. "कुणी त्याला सांगायचं नाही हं. त्याचं त्याने शोधलं पाहिजे."

विंगमधल्या यच्चयावत माणसांनी ती माफी वाचली, एकटे शहाभाई सोडून. शेवटी मलाच राहवेना. दुपारी लाइट गेली होती, ती नुकतीच आली होती. मी शहाभाईंना जिन्यात गाठलं. "भाई, एक बार ढूँढ के तो देखो. काका ने आपके लिए कुछ लिखा है."

शहाभाईंनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, फोन हातात धरला. चेहरा उजळायच्या बेतात होता. मग तो लालबुंद झाला. मी डोकावले. पडद्यावर स्वच्छ अक्षरांत होतं, 'शहा चपला आत ठेवा'.

लाइट गेल्यावर माफी पुसली गेली होती. लाइट येताच संगणक आपसूक सुरू झाला होता आणि पक्का लिहिलेला राग तेवढा परत आला होता.

शहाभाईंनी काकांची बेल दाबून धरली. "काका! चप्पल तो कब की अंदर गई! अभी मेरे को भी अंदर भेजोगे क्या?"

काकांनी त्यांच्या हातातला फोन पाहिला आणि त्यांच्या लक्षात सगळं आलं. हात कीबोर्डकडे वळला, पण कीबोर्ड आत आणि शहाभाई दारात. काका एकदम म्हणाले, "शहाभाई, चुकलं माझं. तुमच्याशिवाय चहा उतरत नाय हो."

शहाभाईंनी फोन खिशात टाकला. "इतना सा था? ये मुँह से बोलने का था ना, काका!"

काकूंनी आत चहाचं आधण ठेवलं. काका मात्र संगणकापुढे जाऊन बसले. "अब रहने दो ना," शहाभाई म्हणाले. "नाही. हे फाइलीत गेलं पाहिजे. लाइट गेली तरी राहिलं पाहिजे." त्यांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि एंटर मारला. चपला हळूहळू परत बाहेर आल्या. काका त्या ओलांडून जायला शिकले.

पुढे काका गेले. काकू लेकीकडे राहायला निघाल्या तेव्हा संगणक शहाभाईंना देऊन गेल्या. शहाभाईंना त्यातलं ओ की ठो कळत नाही. संगणक नुसता चालू असतो, रोज धूळ पुसली जाते. "नाव बदलून देऊ का, भाई?" मी एकदा विचारलं.

"काय को? आदमी गया. उसका सॉरी तो रहने दे."

आता पाणी आल्याचं कुणी सांगत नाही, आमची धांदल उडते. लाइट मात्र अजून जाते आणि येते. ती आली की मी फोनवर शोधून बघते. जरा वेळ लागतो, मग नाव येतं, 'सॉरी शहाभाई', आणि मला काकांच्या दारातून एंटर ऐकू आल्यासारखा वाटतो.